सालीच्या कापडाचा रंग

चपातीवाल्यानं आपला मोबाईल अंड्यांच्या ट्रेला टेकवून उभा केला होता, आणि त्यावर मला माझे रंग दिसले. चेहरा नाही, नाव नाही, आवाज नाही, नुसते रंग. मी दोन अंड्यांची गुंडाळी सांगितली होती, कोबी जास्त, टोमॅटो नको, आणि तो तव्यावर अंडं पसरत होता. तेवढ्यात त्या चार बोटांच्या काचेवर तांबूस तपकिरी पार्श्वभूमी आली, तिच्यावर फणसाच्या गऱ्याची पिवळी पट्टी, खाली केळीच्या पानाची हिरवी, त्याच्याही खाली ओल्या मुरमाची लाल. दोन सेकंद, फार तर तीन. मग जळके पत्रे दिसू लागले आणि गाणं पुढं चाललं. गाण्याचं मला नवल नव्हतं. दोन आठवडे ते कंपालाभर वाजत होतं, आणि ते केलं होतं मीच. पण ते मी केलंय हे गाणारीशिवाय कुणालाही ठाऊक नाही, या समजुतीवर मी दोन आठवडे जेवत होतो, झोपत होतो, मुलींना शाळेत सोडत होतो. आता माझ्याच कॉम्प्युटरची स्क्रीन, माझ्या रंगांसकट, सगळ्या शहराच्या हातात होती.

"काय हो सालोंगो, अंडं कच्चं वाटतंय का?" चपातीवाल्यानं विचारलं. जुळ्यांच्या बापाला आमच्याकडं सालोंगो म्हणतात आणि एकदा म्हणायला लागले की त्याचं खरं नाव त्याची बायकोसुद्धा विसरते. मी म्हटलं, "नाही, नाही, चांगलंय." "मग तोंड का असं? गाणं आवडत नाही होय? अहो, सगळं शहर ऐकतंय. कुणी केलंय ते एकदा कळू दे, जन्मभर फुकट चपाती देईन त्याला." "आणि आर्केडवाल्याला आधी कळलं तर?" मी हसत विचारलं, आणि ते हसू माझं मलाच ऐकू आलं. "तर मग भरवावी लागेल," तो म्हणाला, आणि त्यानं दोन्ही मनगटं ढिली सोडून लोंबकळवून दाखवली. शेजारचे दोघे मोटरसायकलवाले खदाखदा हसले. मी गुंडाळी कागदात घेतली आणि निघालो. ती मी खाल्ली की कुठं टाकली ते मला आठवत नाही.

ती मनगटं डुंगू मास्तरांची. खालच्या बाजाराच्या समितीचे ते चिटणीस, सुकी मासळी आणि भुईमूग विकणाऱ्या बायकांचे अर्ज लिहून देणारे. बाजार पहाटे जळला, सातशे ठेले गेले, आत झोपलेली एक म्हातारी गेली. मग कुणाच्या तरी हाती एक नकाशा लागला. त्या जागेवर चार मजली आर्केड, म्हणजे दुकानांची इमारत, काढलेलं होतं, आणि नकाशावरची तारीख आगीच्या तीन महिने आधीची होती. डुंगू मास्तर तो नकाशा घेऊन ज्याच्या त्याच्या दारात गेले. एके दिवशी दुपारी, भर दुपारी, दोन माणसं त्यांना गाडीत बसवून घेऊन गेली आणि तासाभरानं परत आणून सोडली. चेहऱ्याला ओरखडासुद्धा नव्हता. फक्त दोन्ही मनगटं. मी त्यांना भेटायला गेलो होतो. त्यांची बायको त्यांना कपानं चहा पाजत होती आणि ते माझ्याकडं न बघता म्हणत होते, "चहा घ्या, सालोंगो, तुम्ही घ्या." मी घरी आलो आणि जेवताना माझे हात बघत बसलो. मला दुसरं येतं काय? माझे हातच काय ते कामाचे.

तरीही गाणं केलं. का केलं, असं आता मला कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. नाकिबुले आली होती. नाकिबुले म्हणजे सुक्या मासळीवाली, बाजारात गेलेली म्हातारी ती हिची मोठी बहीण. दारात उभी राहून म्हणाली, "सालोंगो, मला रडायचंय, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे." मी म्हटलं, "नाही जमणार, बाई. मला दोन मुली आहेत." ती म्हणाली, "मला माहीतेय. म्हणून तर तुमचं नाव नकोच." आणि मग तिथंच, आत यायच्या आधीच, तिनं पहिली ओळ म्हटली. कुणाचा ठेला कुठं होता आणि त्यावर काय होतं, एवढंच. तिचा आवाज चिरका, वरच्या सुरात काठावरून घसरणारा. ते घसरणं मी ऐकलं आणि माझा हात आपोआप कीबोर्डकडं गेला. भ्यालेल्या माणसाचा हात मेला भ्यालेला नसतो कधी कधी, हे माझं दुर्दैव. तिचा आवाज मी एवढा खाली आणला की पुरुष वाटावा. फाईलमधलं नाव पुसलं, तारीख पुसली. गाणं पूर्ण झालं तशी ती म्हणाली, "थोडं चित्र घेऊ? नुसतं गाणं कुणी बघत नाही." मी म्हटलं, "घे. माझा चेहरा नको, हात नको, भिंत नको, खिडकी नको. स्क्रीन घे. स्क्रीनवरून काय ओळखणार कोण?" हे मी म्हटलं. माझ्या तोंडानं म्हटलं. अकरा वर्षं मी त्या स्क्रीनपुढं बसतोय, आणि रोज बघून बघून मला ती दिसेनाशी झाली होती.

पंक्चरवाल्याच्या डोक्यावरची माझी खोली, तिचा जिना चढताना मी पायऱ्या मोजल्या. पूर्वी कधी मोजल्या नव्हत्या. सतरा आहेत. आत जाऊन दार लावलं, भिंतींवरच्या गाद्यांच्या फोमचा वास आला, आणि मशीन चालू केल्याबरोबर तो रंग उजळला. सालीच्या कापडाचा. माझे आजोबा मुतुबाच्या झाडाची साल काढून मोगरीनं बडवत, सकाळभर बडवत, आणि ती साल पसरत पसरत खोलीएवढी होई. ओली असताना फिकट, उन्हात वाळली की हा तांबूस तपकिरी. राजाच्या अंगावर तेच कापड आणि मेलेल्याच्या अंगावरही तेच. नालोंगो, जुळ्यांची आई, म्हणजे माझी बायको, पहिल्यांदा इथं आली तेव्हा स्क्रीन बघून मागं सरली. "मयताला गुंडाळायचा रंग रोज समोर घेऊन बसता? दुसरा नाही मिळाला?" मी म्हटलं, "डोळे दुखत नाहीत याच्यानं." खरं म्हणजे मोगरीचा ठेका मला त्या रंगात ऐकू येई, पण हे बायकोला सांगायचं म्हणजे वर्षभराची करमणूक दिल्यासारखं होतं. तो रंग मिसळायला मला दोन महिने लागले होते. मूळचा करडा मला सोसवत नव्हता, सरकारी कचेरीत बसल्यासारखं वाटे. मग एकेक ठरलं. आवाज पिवळे, ढोल हिरवे, बेस मुरमाचा लाल, आणि निवडलेला तुकडा पिकल्या पपईचा. रेघा इतक्या पुसट की हव्या तेव्हाच दिसाव्यात. शहरातली मंडळी येत, बघत, म्हणत, "हा सालोंगोचा पडदा." मी छाती काढून बसे. कुणी विचारलं तरी त्या रंगांची फाईल देत नसे. फक्त एकाला दिली.

ते पुढं सांगतो. आधी बोटांचं सांगायला हवं, कारण भीती बसली ती बोटांत. मी हे काम शिकलो वांदेगेया भागातल्या एका इंटरनेटच्या दुकानात, तासावर पैसे देऊन. तिथल्या कोपऱ्यातल्या मशीनचा कीबोर्ड अर्धा मेलेला होता. स्पेसबार दाबला तर नुसता खाली जाई, खाली जाऊन तिथंच राही. ज्याच्यावर सगळं जग गाणं वाजवतं आणि थांबवतं, तेच बटण नाही. मालक म्हणे, "तोच कोपरा स्वस्त आहे, बसायचं तर बस." मग मी वाजवणं इंग्रजी जी वर नेलं. कापणं एफ वर. परत फिरणं अंगठ्याजवळ. एकेक मेलेलं बटण वगळत गेलो आणि हाताची एक चाल तयार झाली, आडवळणाची, माझीच. पुढं चांगला कीबोर्ड घेतला तेव्हा मशीनमध्ये मी तीच चाल भरली. माझ्या कीबोर्डवर स्पेसबार अजूनही काहीच करत नाही. पाहुणा येऊन ऐटीत स्पेसबार दाबतो आणि शांतता पसरते, तेव्हा मला फार बरं वाटतं. वाटायचं.

त्या सकाळी मी मेनू उघडला. खाली खाली जाऊन 'मूळ रूपात आणा' अशी ओळ आहे, ती मी अकरा वर्षांत कधी दाबली नव्हती. मशीननं विचारलं, नक्की? मी हो म्हटलं. रंग गेले. एका दमात, आवाज न करता, सगळी स्क्रीन करडी झाली, आणि मला वाटलं, कुणीतरी खोलीतून उठून गेलं. मग बटणांची यादी. नक्की? हो. मग ती जपून ठेवलेली फाईलच पुसली, कारण आले आणि शोधू लागले तर. मग कचऱ्याच्या टोपलीतूनही पुसली. मग पेन ड्राइव्हवरची प्रत, तिलाही. घाबरलेला माणूस किती व्यवस्थित काम करतो! एवढी टापटीप मी कुठल्या गाण्यात दाखवली नव्हती. हात धुतल्यासारखं वाटलं. पाचएक मिनिटं. आणि मग कायोंदो आठवला.

फाईल मी दिली होती ती त्याला. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, लग्न झालेला, नोकरी गेलेला, तिशीचा माणूस माझ्याकडं येऊन बसला आणि दोन वर्षं बसला. माझ्याच मशीनवर शिकला म्हणून त्याचीही बोटं माझ्यासारखीच आडवळणी झाली. जाताना म्हणाला, "सालोंगो, तुमचा पडदा नसेल तर मी आंधळा, आणि तुमची बटणं नसतील तर लुळा." मी पेन ड्राइव्ह त्याच्या हातावर ठेवला. आता तो तिकडं, दोन टेकड्या पलीकडं, स्वतःची खोली घेऊन बसला होता, आणि त्याच्या भिंतीशी तोच तांबूस रंग उजळलेला होता. म्हणजे आज सकाळपर्यंत शहरात असे दोन पडदे होते, आणि आता, माझ्या टापटिपीमुळं, एकच उरला होता. हे मला लख्ख दिसलं. इतकं लख्ख की मी खुर्चीतून उठलो आणि परत बसलो. एक फोन करायचा होता. 'रंग बदल,' एवढे दोन शब्द. पण फोनवर शब्द राहतात, असं म्हणतात. आणि दोन शब्द ऐकल्यावर कायोंदो 'का?' विचारणार, मग मला 'गाणं माझं आहे' असं सांगावं लागणार, आणि त्याच्या खोलीत दहा माणसं बसलेली असतात. गटात लिहावं तर गटात मी नव्हतोच. शहरातल्या आम्हा गाणी करणाऱ्यांचा मोबाईलवर एक गट होता, त्यातून मी जानेवारीत बेस किती असावा या भांडणावरून तिरमिरीत बाहेर पडलो होतो. प्रत्यक्ष जावं तर तिथं कुणी पाळत ठेवली असेल. अशी कारणं मी एकामागून एक काढली, आणि प्रत्येक कारण खरं होतं. सगळी खरी कारणं एकत्र केली की त्यांचा भित्रेपणा होतो, हेही मला ठाऊक होतं. संध्याकाळी नालोंगोनं विचारलं, "आज हात का असे मांडीखाली घालून बसलाय?" मी म्हटलं, "थंडी वाजतेय." ती म्हणाली, "मार्चमध्ये?" आणि भुईमुगाची आमटी वाढून निघून गेली.

तीन दिवस मी त्या करड्या स्क्रीनवर काम केलं. काम म्हणायचं. एका लग्नाचं गाणं होतं, साधं, दोन तासांचं. वाजवायला म्हणून मी जी दाबे, आणि एक लहानशी चौकट उघडे: कुठे जायचं? मूळ मांडणीत जी चा तो अर्थ. मी चौकट बंद करी. पुन्हा जी. कुठे जायचं? कापायला जाई तर सगळंच निःशब्द होई. परत फिरायला जाई तर पुढं जाई. स्पेसबार, स्पेसबार, असं मी तोंडानं म्हणत होतो, पहिलीतल्या पोरासारखा. डोळ्यांचं त्याहून वाईट. आवाज कुठला, ढोल कुठला कळेना, सगळ्या पट्ट्या एकाच राखेतून काढलेल्या. राख हा शब्द मनात आला आणि मी खिडकी उघडली. खालच्या बाजाराच्या जागेवर निळ्या पत्र्यांचं कुंपण दिसत होतं. आत यंत्र खणत होतं. माझ्या मनात येई, आत्ता, या क्षणी, कायोंदो जी दाबत असेल आणि गाणं वाजत असेल. मला त्याचा हेवा वाटे, आणि लगेच घाम फुटे.

चौथ्या दिवशी दुपारी जेवणानंतर मिस्टर बिरुंगी आले. नाव त्यांनीच सांगितलं, टोपी काढून, वाकून. पन्नाशीचे, नीट दाढी केलेले, बोलणं मऊ, अंगाला साबणाचा वास. पायऱ्या सतरा असून त्यांना धाप लागली नव्हती. "सालोंगो, तुमची कीर्ती ऐकून आलो. आमच्या नव्या आर्केडसाठी रेडिओवर वाजवायचं छोटंसं गाणं हवं. अर्ध्या मिनिटाचं. आनंदी." मी म्हटलं, "बसा." दुसरं काय म्हणणार? ते माझ्या मागं बसले. पुढं खुर्ची होती ती सोडून, मागं. "तुम्ही करा काहीतरी नमुन्याला. मला बघायला आवडतं," ते म्हणाले. "माणूस काम करताना बघण्यासारखं दुसरं सुख नाही."

मी एक ढोल घेतला. आनंदी. माझी मान मागून कोणी तरी वाचत होतं. हात कीबोर्डवर ठेवले आणि सगळा जीव एकवटून मनाशी म्हटलं, स्पेसबार. आणि जी दाबला. कुठे जायचं? चौकट त्यांच्या डोळ्यांसमोर उघडली. ते हसले. "तुमचं यंत्र फार अदबीचं आहे. विचारून घेतं." मीही हसलो. चौकट बंद केली. ढोल वाजला. कापायला गेलो, सगळं निःशब्द झालं. पुन्हा वाजवलं, पुन्हा ती चौकट आली. मिस्टर बिरुंगींनी खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाले, "किती वर्षं करताय हे?"

"अकरा."

"अकरा. आणि बोटं काल शिकायला बसलेल्या ड्रायव्हरसारखी."

"कीबोर्ड नवा आहे, सेबो," मी म्हटलं. सेबो म्हणजे साहेब. एरवी मी हा शब्द इतक्या खालच्या सुरात म्हणत नाही. कीबोर्डवरची अर्धी अक्षरं झिजून गेली होती. जी तर पूर्णच. त्यांनी तिकडं पाहिलं की नाही, मला वळून बघायचा धीर झाला नाही.

"असेल," ते म्हणाले. मग खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांनी माझ्या हाताशेजारी उलगडला. कागदावर माझा पडदा छापलेला होता. जरा अस्पष्ट, पण पिवळा, हिरवा, लाल, आणि पाठीमागं आजोबांचं कापड. "हे कुणाचं असेल हो? मला यातलं कळत नाही. मी आपला सिमेंटमधला माणूस. पण लोक म्हणतात, प्रत्येकाचं आपलं आपलं असतं. स्वयंपाकघरासारखं."

मी कागदाकडं बघितलं. किती वेळ बघितलं? मला त्यात एक चूक दिसली, तिसऱ्या पट्टीवरचा एक ठोका किंचित पुढं पडलेला होता, आणि तो मला आजवर दिसला नव्हता. "रंग कुणालाही बदलता येतात, सेबो," मी म्हटलं. "दोन मिनिटांचं काम."

"तेच मीही म्हटलं. पण मला दोनच नावं मिळाली. एक तुमचं." ते थांबले. "आणि एक कुणी कायोंदो."

आता इथं मी काय म्हणायला हवं होतं, याची उत्तरं त्यानंतर मला पुष्कळ सुचली. 'दोन नव्हे, वीस आहेत.' 'कायोंदो बिचारा चर्चची गाणी करतो.' काहीही. 'माझं आहे' असंही म्हणता आलं असतं, तेवढे शब्द मला येत होते. त्याऐवजी मी हात उचलला आणि स्क्रीनकडं केला. करड्या स्क्रीनकडं. "माझं तर हे असं आहे," मी म्हटलं. "पहिल्यापासून असंच." नाव घेतलं नाही मी कुणाचं. तो हात तेवढा उचलला. मिस्टर बिरुंगींनी स्क्रीन बघितली, कागद बघितला, आणि दोनातून एक गेला की किती उरतात एवढं गणित सिमेंटमधल्या माणसालाही येतं. त्यांनी कागदाची घडी घातली. "छान. आनंदी गाणं तयार ठेवा," म्हणाले. टोपी घातली. जिन्यावर त्यांची पावलं मी ऐकली, खाली गाडीचं दार लागलं, गाडी चालू झाली आणि कायोंदोच्या टेकडीच्या बाजूला वळली.

मग फोन लागला. इतके दिवस ज्याला शंभर अडचणी होत्या तो फोन एका बोटानं लागला. कायोंदोनं उचलला तेव्हा त्याच्या मागं चार बायका एका सुरात कुठलंतरी स्तोत्र घोळत होत्या. "अरे वा, सालोंगो! जानेवारीपासून रुसलेला माणूस बोलला म्हणायचा!" मी म्हटलं, "कायोंदो, रंग बदल. आत्ता. लगेच." तो 'का?' म्हणाला नाही. तो हसला. "बायांनो, पाच मिनिटं बाहेर उन्हात जा बरं," असं त्यानं कुणाला तरी सांगितलं, दार लागलं, आणि मग अगदी हळू म्हणाला, "मला पहिल्याच दिवशी कळलं ते तुमचं आहे. आंधळा आहे का मी? तो बेस, ते रंग. त्याच रविवारी तुमची फाईल मी गटात टाकली. लिहिलं, सगळ्यांनी लावा, कारण विचारू नका. कुणी विचारलं नाही. जानेवारीत तुमच्याशी भांडलेल्यांनी सगळ्यात आधी लावली. आज शंभराच्या वर खोल्यांत तुमचा पडदा आहे, सालोंगो. नान्सानापासून मुकोनोपर्यंत ज्या दारात जातील तिथं त्यांना तेच दिसणार. कुणाकुणाची मनगटं मोडतील? तुम्हाला मुद्दाम फोन केला नाही, म्हटलं तुम्ही आहात तसेच बसा. तुम्ही काही करायचंच नाहीये. तुमचा आहे तसाच ठेवा, झालं."

मी ऐकत होतो. माझ्यासमोर ती स्क्रीन होती, कचेरीसारखी स्वच्छ. शंभर माणसांनी न विचारता माझ्यासाठी आपल्या भिंतीशी तो रंग लावला होता, आणि सगळ्या शहरात मी एकटाच उघडा बसलो होतो. मला रडू आलं. भीतीचं होतं ते, आणि भीतीहून वाईट असं काहीतरी त्यात होतं.

"सालोंगो? आहात ना?"

"कायोंदो, मी माझा काढला. चार दिवस झाले. पुसून टाकला."

दाराबाहेरच्या बायका उन्हात हसत होत्या, ते ऐकू येत होतं.

"आणि त्यांचा माणूस आत्ता इथून गेला. त्यानं पाहिलं. पहिल्यापासून असंच आहे, असं मी त्याला सांगितलं. तो तुझ्याकडं यायला निघालाय. मीच तुझ्याकडं बोट दाखवलं, कायोंदो. बोट म्हणजे, हात."

मला वाटलं तो शिवी देईल. द्यायला हवी होती. मी वाट बघत होतो. "माझ्याकडं येऊ दे," तो शेवटी म्हणाला. आवाज अगदी कोरडा, हिशेबी. "माझ्याकडं तो रंग बघेल. मग पुढच्या खोलीत जाईल, तिथंही बघेल. चौथ्या-पाचव्या खोलीत त्याच्या लक्षात येईल की शहरात करडा फक्त एक आहे, आणि तोही त्याचा की ज्याच्या नावानं हा पडदा ओळखतात. मी त्याला बसवून ठेवतो. चहा करतो, ऑर्गन ऐकवतो. तासभर धरतो त्याला मी. तुमच्या मुली कुठं आहेत?"

"शाळेत."

"मग उठा, सालोंगो. नालोंगोला घ्या, मुलींना वर्गातून घ्या, घरी जाऊ नका. उठा आता. फोन ठेवा."

मी फोन ठेवला. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि शाळा पायी पंचवीस मिनिटांवर होती.